मदत हवी आहे: लेक जर्मनीत, तिथला बटाटा काही ऐकत नाही

शाहूपुरीची_काकू

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची. लेक आणि जावई दोन वर्षांपासून श्टुटगार्टला आहेत. चैत्रात मी तीन महिन्यांसाठी तिकडे जातेय, लेकीचं बाळंतपण आहे. डिंक, अळीव, खारीक सगळं जमवून झालं. अडलंय ते बटाट्यापाशी. हसू नका.

इथे मंडईत गेलं की पहिला प्रश्न, "जुना का नवा?" नखानं साल खरवडायची, सर्रकन सुटली तर नवा. मग "कुठला?" कधी इंदूरचा, कधी आग्र्याचा, कधी तळेगावचा. पावसाळा सरता सरता आपला पुसेगाव, बुध, डिस्कळकडचा येतो, माती लागलेलाच. वड्याला कुठला आणि काचऱ्यांना कुठला हे हाताला कळतं. जातींची नावं असतात हे मला खटावातल्या मामेभावानं सांगितलं तेव्हा कळलं. तोवर तीस-पस्तीस वर्षं मी गावाच्या नावानंच बटाटा घेत आले.

लेकीला तिकडे ना गाव विचारता येतं, ना कुणी नखानं खरवडू देतं. जाळीच्या पिशव्या, त्यावर लांबलचक शब्द. आत्तापर्यंत तिचं असं झालंय:

पहिल्यांदा वडे केले. बटाटे कुकरला चार शिट्ट्या देऊनही हातानं कुस्करेनात, गोट्यागत राहिले. मग बाईसाहेबांनी ते मिक्सरला फिरवले. सारणाचा डिंक झाला. पोरीनं व्हिडिओ कॉलवर पळी उलटी धरून दाखवली, सारण पडेना!

दुसऱ्यांदा काचऱ्या. पिशवी आणून फ्रिजमध्ये ठेवली होती, पंधरा दिवसांनी काढली. काचऱ्या कढईत पडल्या आणि आतून शिजायच्या आत बाहेरून तांबड्या-काळ्या. वर चवीला गोड. जावयांनी "रताळं आहे का?" असं विचारलं म्हणे.

एकादशीची भाजी मात्र पहिल्याच झटक्यात छान झाली, फोडी अख्ख्या, कूट नीट लागलेलं. पण ती कुठल्या पिशवीची हे तिला आठवत नाही. हिरवं काहीतरी होतं म्हणते.

तर विचारायचं एवढंच, वडा, उपवासाची भाजी, काचऱ्या आणि चिंच-गुळाचा रस्सा, ह्यांना तिथला कुठला बटाटा घ्यायचा? आणि दोन-चार किलो इथूनच बॅगेत टाकले तर चालतील का?

मूळ_मिरज

काकू, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. कच्चा बटाटा बॅगेतून आणायचा विचारही करू नका. भारतातून युरोपात तो आणायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतील. मी इकडे नऊ वर्षं आहे, पहिल्या वर्षी आमच्या आईनंही हाच बेत केला होता.

आता पिशवीचं. आपण गाव विचारतो, इथले लोक बटाटा शिजल्यावर कसा वागतो ते विचारतात, आणि तेच पिशवीवर ठळक लिहिलेलं असतं. शब्द तीनच आहेत. 'फेस्टकोखेंड' म्हणजे शिजूनही घट्ट राहणारा. 'मेलिगकोखेंड' म्हणजे पिठूळ, भुसभुशीत फुटणारा. 'फोरव्हीगेंड फेस्टकोखेंड' म्हणजे मधला, पण घट्टाकडे झुकलेला. बहुतेक पिशव्यांवर घट्टाला हिरवा रंग, मधल्याला लाल आणि पिठूळाला निळा असतो. रंगावर फार विसंबू नका, शब्द वाचायला सांगा. पण तुमच्या लेकीची एकादशीची भाजी हिरव्याचीच असणार, आणि वडेही तिनं हिरव्याचेच केले असणार.

वड्याला निळी पिशवी. 'अड्रेटा' नाव दिसलं तर डोळे झाकून घ्या, पूर्व जर्मनीतली जुनी जात आहे, पिठूळ. सालासकट अख्खे उकडा. पाणी काढून टाकल्यावर त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटं उघडे ठेवा, वाफ जाऊ दे. मग हातानं किंवा पावभाजीच्या स्मॅशरनं. मिक्सर कदापि नाही. तिथंच घोटाळा झालाय, पात्यानं बटाट्यातला स्टार्च मोकळा सुटतो आणि सारणाची खळ होते. निळा बटाटा घेऊन मिक्सरला लावला तरी हेच होईल.

उपवासाची भाजी आणि काचऱ्या, दोन्हीला हिरवी. 'लिंडा' छान लागते, 'बेलाना'ही चालते. जर्मन लोक स्वतः तव्यावर परतलेले बटाटे करतात तेव्हा हाच घेतात. रस्स्याला लाल पिशवी, म्हणजे 'गाला' किंवा लाल सालीची 'लाउरा'. रस्सा दाटसर हवा असेल तर एक निळा बटाटा कुस्करून घाला. आणि चिंच आधी घालू नका! आंबट पडलं की बटाटा शिजायला हटून बसतो. आपल्याकडे कुकरात ते खपून जातं, इथल्या घट्ट बटाट्यात खपत नाही.

खटावची_बटाटा_शेती

काकू, तुमच्या मामेभावाच्याच तालुक्यातला आहे. काचऱ्या गोड का झाल्या ते सांगतो, कारण त्यात जर्मनीचा काही दोष नाही.

बटाटा थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. साखर असली की तेलात पडल्या पडल्या लाल होतो. उत्तरेकडचा माल शीतगृहात दोन ते चार अंशांवर महिनोन्‌महिने असतो, म्हणून तर मंडईत बायका "गोड नाही ना?" असं विचारतात. लेकीनं फ्रिजमध्ये ठेवला म्हणजे घरातच शीतगृह काढलं. बटाटा अंधारात, हवा खेळती असेल अशा जागी ठेवायचा. फ्रिजमधला उरला असेल तर फेकू नका, दोन-तीन आठवडे घरातल्या साध्या तापमानाला, पंधरा-वीस अंशांना राहिला तर बरीच साखर परत उतरते. हिरवा पडलेला असेल तर मात्र टाकून द्या.

जातीचं म्हणाल तर आमच्याकडं जून-जुलैला लावायचा, सप्टेंबर-ऑक्टोबरला काढायचा. बेणं बहुतेक पंजाबातून येतं. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी अशी जातींची 'कुफरी' नावं सिमल्याजवळच्या कुफरी गावावरून पडली, बटाट्याचं संशोधन तिकडं चालतं. ज्योती आणि चंद्रमुखी १९६८ च्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या उमेदीतल्या. पुखराज नंतरचा, लवकर निघतो पण पाणीदार. पिवळसर, गुळगुळीत. बाजारात देखणा दिसतो म्हणून लोक उचलतात आणि मग वडा सैल झाला म्हणून आम्हाला बोलतात. चिपसोना वेफर्ससाठीच काढलेला, त्यात साखर कमी. चंद्रमुखी पिठूळ. तेव्हा निळ्या पिशवीला चंद्रमुखीची बहीण समजा आणि पुढं चला.

विश्रामबाग_सांगली

शब्द वाचता येत नसतील किंवा सुटा बटाटा असेल (तुर्की दुकानांत असतो, माझा भाचा तिथूनच घेतो), तर एक जुना प्रयोग आहे. मी शाळेत शिकवताना मुलांसमोर करायचे. एक वाटी मीठ, अकरा वाट्या पाणी, नीट ढवळून घ्यायचं आणि बटाटा अलगद सोडायचा. पिठूळ असेल तर तळाला जातो, घट्ट असेल तर तरंगतो. पिठूळात स्टार्च जास्त म्हणून तो जड. पिशवीतले तीन-चार सोडून बघा, एकावरून ठरवू नका.

शाहूपुरीची_काकू

सगळ्यांचे मनापासून आभार. मीठ-पाण्याचं लेकीला कळवलं, तर तिनं लगेच ओट्यावर बादली मांडून फोन लावला. घरात दोन पिशव्या होत्या, एक नाव वाचलेली आणि एक तुर्की दुकानातली सुटी. पहिलीतले चारही बटाटे वर, बदकासारखे. सुटीतले तीन बुडाले, एक मधेच लटकला. त्या लटकलेल्याचं काय करायचं?

मूळ_मिरज, फ्रिजमधले बटाटे तिनं बाहेर काढून कपाटात ठेवलेत. आणि मी एप्रिल ते जून तिथे असणार. तेव्हा बाजारात हेच मिळेल ना?

मूळ_मिरज

लटकलेल्याचा रस्सा करा.

एप्रिलचं मात्र आधीच सांगून ठेवतो. वसंतात इथे नवा बटाटा येतो, आधी इजिप्तकडचा वगैरे, मग जूनच्या सुमाराला इथला. साल कागदासारखी पातळ, दिसायला गोड, आणि सगळा घट्ट. भाजीला, काचऱ्यांना मजा. वड्याला अजिबात नाही. निळी पिशवी त्या दिवसांत जुन्या साठ्यातली असते, तीच बघून घ्या, मऊ पडलेली किंवा कोंब आलेली नको. आणि 'ड्रिलिंगे' नावाचे लिंबाएवढे बटाटे दिसले तर आणा, सालासकट भरल्या वांग्यासारखा मसाला भरून होतात. आमच्याकडे ते बघून आईनं बॅगेतला बेत सोडला.

शाहूपुरीची_काकू

काल निळ्याचे वडे झाले. सारण मोकळं, वडा फुटला नाही. बेसन पातळ झालं होतं, पण ती माझी शिकवणी कमी पडली.

बॅगेचा बेत मीही सोडला. त्याऐवजी गच्चीवर बटाट्याच्या चकत्या वाळत घातल्यात, पाच किलोच्या. कडकडीत वाळल्या की निम्म्या तिकडे जातील.

लेक विचारते, मिठाच्या पाण्यात टाकलेले बटाटे आता खारट लागतील का. म्हटलं धू, आणि रात्री रस्सा कर, मीठ बघून घाल.