नळाला सगळ्यांनी मोटर लावली आहे. मीही लावू का?

शेवटचं_घर:
मंडळी, गल्लीत चौदा घरं, टोकाला आमचं. पाणी दिवसाआड, तासभर. वरच्या घरांनी एकेक करत टिल्लू मोटरी थेट नळाला जोडल्या आणि आता आमच्याकडे करंगळीएवढी धार येते. अर्ध्या एचपीची मोटर आणून ठेवली आहे. जोडली तर नेमकं काय होईल? आणि तक्रार करण्यावाचून दुसरा काही उपाय?

फेरूल:
जोडली तर तुम्हाला पाणी मिळेल आणि शेजारच्याचं तुटेल. मोटर पाणी तयार करत नाही, वाटणी बदलते. कमी दाबाला अर्ध्या इंची जोडणीतून मिनिटाला पाच-सात लिटर येत असेल, तर मोटर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढते. मग शेजारी मोटर आणतो, त्याच्या पलीकडचा एक एचपीची. शेवटी पाणी तेवढंच, वीजबिल जास्त, आणि मध्येच पाणी तुटलं की मोटर कोरडी फिरून सील जातं.

खरा धोका वेगळाच. लाइनीत दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर पडतं. मोटरींनी ओढून पोकळी केली की त्याच भोकातून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं.

स्वतः तपासा. पारदर्शक नळी तोटीला घट्ट बसवा आणि दुसरं टोक जिन्याने वर न्या. पाणी जितके मीटर चढून थांबेल तितका दाब. एकमजली घरासाठी ७ मीटर हवा, असा केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेचा निकष होता. मग मोटरी चालू असताना तेच टोक बादलीत बुडवा. बादलीतलं पाणी नळीत उलटं चढलं तर पोकळी आहे. बादलीत पिण्याचंच पाणी घ्या, ते लाइनीत जाणार आहे.

चढावरचा:
मोटरवाल्यांना चोर ठरवणं सोपं आहे. गल्ली चढाची असेल तर वरच्या घराला मोटरीशिवाय थेंब येत नाही. आणि खाली खड्डा खणून नळ दोन फूट खाली घेणारे? तेही दुसऱ्याचंच पाणी ओढतात, फक्त त्याचा आवाज होत नाही. तोटी न बसवता पाइप उघडा सोडणाऱ्यांना तर कुणी विचारतच नाही. लाइनीतला दाब तिथेही कमी होतो.

ओटी_टेस्ट:
खड्ड्यातल्या नळाबद्दल अगदी सहमत. पाणी बंद झालं की खड्ड्यात साचलेलं घाण पाणी उलटं पाइपात जातं. पिंपात किंवा मोरीत बुडवून ठेवलेल्या नळीचंही तेच. नळी नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर टांगावी, एवढ्याने पुष्कळ भागतं.

टोकाच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का हे रंगावरून बघणारी तपासणी, करून घ्या. गावात जलसुरक्षकाकडे, शहरात पाणीपुरवठा विभागाकडे सोय असते. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, पाणी पिवळसर होतं. गल्लीच्या तोंडाशी रंग येतो आणि टोकाला येत नाही, तर वाटेत काहीतरी मिसळतंय असं धरून चाला. पहिली पाच मिनिटं पिण्याचं भरू नका, ते संडासाच्या बादल्यांना वापरा. पुढचं उकळून प्या.

शेवटचं_घर:
पटलं. पण मी एकट्याने थांबून काय होणार?

फेरूल:
काहीच नाही. टोकाच्या घराने मोटर लावली नाही म्हणून वरच्यांना फरक पडत नाही. सुरुवात लाइनीच्या तोंडाकडच्या घरांनी करायला हवी, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी. दहा जणांनी काढली आणि एकाने ठेवली, तर त्या एकाला पूर्वीपेक्षाही जास्त मिळतं, आणि आठवड्यात दहाही परत बसतात.

म्हणून आधी तोंडाशी, मध्ये आणि टोकाला नळीने दाब मोजा, वेळेसकट लिहा आणि तो कागद व्हॉल्व्हमनला दाखवा. नुसत्या तक्रारीपेक्षा आकड्यांकडे जास्त लक्ष दिलं जातं. मध्ये व्हॉल्व्ह असेल तर अर्धा तास चढाची घरं, अर्धा तास उरलेली, अशी पाळी लावता येते. नसेल तर एक व्हॉल्व्ह मागा, तो चौदा मोटरींपेक्षा स्वस्त पडेल.

घरात ५०० लिटरची टाकी जमिनीवर ठेवा. बॉलकॉक बसवाच, नाहीतर भरलेली टाकी गटारात वाहत राहते. येणाऱ्या पाइपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या दोन इंच वर ठेवा, म्हणजे टाकीतलं पाणी उलटं लाइनीत जाणार नाही. आणलेली मोटर दुकानदार परत घेत नसेल तर या टाकीतून गच्चीवर पाणी चढवायला तीच चालेल.