विषय: रविवार, ११ वाजता, १४ जण, ठाणे. कुठे?

माईकाकू (सध्या नौपाडा)

मंडळी,
मागच्या डिसेंबरसारखं पुन्हा नको, म्हणून चार दिवस आधीच लिहितेय. येत्या रविवारी ११ वाजता ब्रंचला भेटायचं ठरलंय. १४ माणसं, त्यात अप्पा व्हीलचेअरवर आणि तीन लहान मुलं. मार्गशीर्ष पाळणारे आहेत, तेव्हा शाकाहारीच. काल तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं: "रविवारी सकाळी बुकिंग घेत नाही, या आणि नाव लिहा." अप्पांना मी फुटपाथवर तासभर ताटकळत ठेवणार नाही. बुफेवाल्या हॉटेलात विचारलं, तर ते साडेबाराला सुरू होतं.

जागा सुचवा. नुसती आवडती नावं नकोत, १४ जणांना एकत्र बसता येईल अशी जागा हवी.

बाळकाका (डोंबिवली, २ जानेवारीपर्यंत)

यात विचार कसला करायचा? मामलेदार मिसळ. ठाण्यात येऊन दुसरीकडे नाश्ता करायचा हे मला पटतच नाही. तहसीलदार कचेरीला लागून, म्हणून मामलेदार. माझी पहिली नोकरी स्टेशनजवळच होती आणि पगाराच्या दिवशी आम्ही चौघं तिथे जायचो. मध्यम सांगायची, तिखटाच्या नादी पहिल्याच दिवशी लागायचं नाही. अमेरिकेतून आलेल्यांच्या पोटाला सवय राहिलेली नसते.

संगीतावहिनी (एडिसन, न्यू जर्सी)

बाळभावजी, माईंनी जागा विचारलीय. तिथे टेबल अडवून गप्पा मारायची पद्धत नाही. खायचं, हात धुवायचे, मागच्याला जागा द्यायची. १४ जण चार टेबलांवर विखुरणार, मग अप्पांशी बोलणार कोण?

बाळकाका

विखुरले तर विखुरले. मिसळ खाताना बोलायचं नसतं.

आणि एक. सगळे ब्रंच ब्रंच म्हणताय. तो शब्द इंग्लंडात १८९५ साली आला, रविवारी उशिरा उठणाऱ्यांची सोय म्हणून. आपल्याकडे सकाळी न्याहारी आणि बाराला जेवण. मधल्या वेळेचं स्वयंपाकघर ही आपली पद्धत नाही. तुम्ही ११ ला जाता तेव्हा नाश्त्याचा तवा उतरलेला असतो आणि थाळीची भाजी अजून चुलीवर असते. साबुदाण्याची खिचडी तर तोवर संपते, किंवा उरली तर गोळा होऊन बसलेली असते. खिचडी खायची ती कढईतून थेट ताटलीत.

नाना (वाशी)

नमस्कार. दरवर्षी ठाणं, ठाणं आणि ठाणं. नवी मुंबईत आपल्या मंडळातल्या लोकांची सहा घरं आहेत, त्यांचा विचार कधी होणार? वाशीत रस्ते रुंद आहेत, गाडी थेट दारात उभी करता येते, व्हीलचेअर उतरवायला त्रास नाही. गोखले रोडला रविवारी गाडी लावून दाखवा. ठाणे-वाशी लोकल २००४ पासून धावतेय, अर्ध्या तासाचा प्रवास. ज्यांना यायचंय ते येतात.

ताई (घोडबंदर रोड)

नाना, रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी गाड्या बंद. बहुतेक वेळा ११ च्या सुमारालाच सुरू होतो. मागच्या वेळी आम्ही तुमच्याकडे यायला निघालो आणि ठाण्याच्या फलाटावर मुलांसकट पन्नास मिनिटं बसलो. ट्रान्सहार्बरला, म्हणजे ठाणे-वाशी मार्गाला, ब्लॉक आहे की नाही हे शनिवारीच कळतं. तोवर थांबून १४ जणांचा बेत कसा ठरवणार?

माझं मत, मॉलमध्ये चला. लिफ्ट आहे, उतार आहे, अपंगांसाठी स्वच्छतागृह आहे. खाणं साधारण असेल, पण अप्पा आरामात बसतील.

संगीतावहिनी

मॉलच हवा तर तो आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. जवळजवळ आठ हजार मैल कशाला यायचं? मला थालीपीठ हवंय, लोण्याचा गोळा घातलेलं. घंटाळीजवळच्या मेतकूटला विचारलंत का? मराठी पदार्थ, आणि अप्पांना तो मेतकूट-भात आवडेल. वेळ आणि जागा मात्र फोन करूनच ठरवा, रविवारी तिथेही रांग असते.

बंड्या (मुलुंड)

वडापाव कोणीच का काढला नाही? गजाननचा वडा आणि ती बेसनाची पिवळी चटणी. मी लहान असताना बाबा चटणी जास्त मागायचे आणि उरलेली रात्री भाकरीशी खायचे. कुंजविहारचा मोठा वडा स्टेशनच्या बाजूला, तो गाडी पकडायच्या घाईतला. गजाननचा निवांतपणे खायचा.

बाळकाका

बंड्या, कुंजविहार घाईतला नाही. तो पोटभरीचा आहे. एक खाल्ला की जेवण नको. हे दोन वेगळे वडे आहेत, त्यांची तुलना करू नये.

बंड्या

काका, तुलना नाही केली. पण बांधून आणायचे असतील तर एक सांगतो, फॉइलमध्ये नको. वाफ धरते आणि वरचं आवरण लोळागोळा होतं. वर्तमानपत्रही नको, शाई लागते. साधा ब्राउन कागद, पिशवीचं तोंड उघडं. चटणी वेगळी, पाव वेगळा.

संगीतावहिनी

माई, एक शंका. ११ च का? आम्ही शुक्रवारी रात्री उतरतोय. तिकडची घड्याळं साडेदहा तास मागे. रविवारी पहाटे चारला आम्ही आठही जण टक्क जागे असणार आणि सातला मुलं भुकेने रडायला लागतील. ११ वाजता ती झोपेने पेंगुळलेली असतील. गेल्या वेळी माझ्या धाकट्याने मिसळीच्या ताटलीतच डोकं टेकलं होतं. हा ११ चा हट्ट आपण तिकडच्या सवयीने धरलाय. इथे त्याचा कोणालाच उपयोग नाही.

माईकाकू

संगीता, तू बरोबर बोललीस. मागच्या डिसेंबरची सगळी फजिती या ११ पायीच झाली. आज सकाळी आठला मी आणि हे मुद्दाम बाहेर पडलो. दुकानांची शटरं अर्धी उघडी, गोखले रोडवर गाडी लावायला जागा, तलावपाळीला फिरायला आलेली माणसं, आणि उपाहारगृहात सहा टेबलं रिकामी. मालकांना विचारलं, रविवारी साडेआठला १४ माणसं आणली तर? ते म्हणाले, सव्वाआठला या, तीन टेबलं जोडून देतो, दहापर्यंत कोणी उठवणार नाही. पायऱ्या दोनच आहेत, त्यांचा पोरगा खुर्ची उचलायला येईल.

तर ८:१५. नाव इथे लिहीत नाही, गेल्या वेळी यादीवर लिहिलं आणि बावीस जण आले. प्रत्येकाला फोन करते.

नाना (वाशी)

सव्वाआठला म्हणजे वाशीहून साताला निघायचं.

ताई (घोडबंदर रोड)

मेगाब्लॉकच्या आधी पोचाल नाना. उलट बरंच.

नाना (वाशी)

येतो. पण पुढच्या वेळी वाशी. लिहून ठेवा.

बाळकाका

मी साडेसातला मामलेदारला एक मध्यम खाऊन तुमच्याकडे येतो. माझ्यासाठी फक्त चहा आणि अप्पांच्या शेजारची जागा.

माईकाकू

जागा ठेवलीय. बंड्या, तू दहाला सगळ्यांसाठी वडे घे, ब्राउन कागदातच. अप्पांना पिवळी चटणी घरी न्यायचीय, डबा मी देते.