पहिल्यांदाच एकटी निघते आहे, चार दिवस, साखळीहून. कुठे जाऊ?

सुईदोरा, साखळी

नमस्कार. गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे, मुख्यतः ब्लाऊज. वय 47. आजवर फिरले ती घरच्यांबरोबर, नाहीतर गावातल्या बसबरोबर. शिर्डी झालं, तुळजापूर झालं, एकदा म्हैसूर-उटी. प्रत्येक वेळी पहाटे चारला उठून सगळ्यांच्या चपात्या नि सुकी भाजी बांधायचं काम माझ्याकडे. उटीत काय बघितलं ते आता नीट आठवत नाही. कुणाला उलटी झाली आणि कुणाचा स्वेटर गाडीत राहिला ते आठवतं.

यंदा भिशी लागली. त्यातले पंधरा हजार कुणाला न देता बाजूला ठेवले आहेत. माझा धंदा असा की चवथीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत मान वर करायला मिळत नाही आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईची ब्लाऊजं सुरू. मधले दहा-अकरा दिवस काय ते मोकळे. त्यातले चार दिवस एकटीने जायचं ठरवलंय. नवरा म्हणाला, जा, मी दुकान उघडून बसतो, कपडे तेवढे घेऊन ठेवतो. पण कुठे जाणार, असं त्याने विचारल्यावर मला काही सांगता येईना.

मनात आलेल्या जागा चार: पंढरपूर, हंपी, गोकर्ण, मालवण. मुलगी केदारनाथ म्हणते. दिवसाची मला भीती नाही. पण संध्याकाळी सातनंतर काय करायचं? खोलीचं दार लावून नऊपर्यंत बसून राहायचं? आणि खानावळीत एकटीने टेबल अडवून जेवायला कसं बसायचं? कुणी हसेल म्हणून नव्हे, मला सवयच नाही. हिंदी येतं, कन्नड अजिबात नाही. जे खरंच एकटे फिरले आहेत त्यांनी सांगा.

रूळप्रेमी, मडगाव

ताई, केदारनाथ आधीच बाद करा. भाऊबीजेला तिथली दारं बंद होतात, म्हणजे तुम्ही मोकळ्या व्हाल तेव्हा देऊळ मिटलेलं असेल.

माझं मत हंपीला. वास्कोहून हावड्याला जाणारी अमरावती एक्सप्रेस सकाळी मडगाववरून जाते, कुळ्याच्या पुढे दूधसागराला वळसा घालून घाट चढते आणि लोंढा, हुबळी, गदग करत दुपारी होस्पेटला सोडते. ही गाडी रोज नसते, वार बघूनच ठरवा. होस्पेटपासून हंपी 13 किलोमीटर, बस मिळते. मी 26 वर्षांचा असताना एकटा गेलो होतो. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ तुम्ही पन्नासच्या नोटेवर पाहिलाच आहे. पण मला लक्षात राहिला तो त्या देवळाचा गाभारा. आत मूर्ती नाही. आपल्याकडे सांगतात की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल तिथे नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास त्याला परत घेऊन आले. तुमच्या यादीत पंढरपूर आणि हंपी दोन्ही आहेत म्हणून लिहिलं. त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर मी बराच वेळ उभा होतो, आणि बरोबर कुणी असतं तर इतका वेळ उभा राहिलो नसतो.

सिस्टर, फोंडा

बाय, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मी 35 वर्षं नर्स होते, 2016 साली निवृत्त झाले, तेव्हापासून वर्षातून दोनदा एकटी जाते. वरच्या भावाने हंपीचं लिहिलंय ते मनापासून आहे, आणि तू हंपीला जाशीलच. पण पहिल्या खेपेला नको. का ते सांगते.

तू विचारलंस संध्याकाळचं. हंपीचे अवशेष मैलोन्‌मैल पसरलेले आहेत. दिवसभर पाय दुखेपर्यंत बघशील, पण सूर्य बुडाला की तिथे माणसांचा वावर आटतो. भाषा येत नाही, रस्ता अंधारा, म्हणजे सातला खोलीत. ज्या गोष्टीची तुला धास्ती आहे तीच वाट्याला येणार. आणि कर्नाटकात बायकांना बस फुकट असं ऐकून हिशेब करू नकोस. 2023 पासूनची ती योजना त्यांच्या राज्यात राहणाऱ्या बायकांसाठी आहे, गोव्याच्या आधार कार्डावर तिकीट काढावंच लागतं.

गोकर्ण आणि मालवण दोन्ही चांगली, पण समुद्र तुझ्यामाझ्या अंगणातला. पैसे साठवून पहिल्यांदा निघालीस, तर काहीतरी वेगळं दिसू दे.

मी पहिल्या वेळी काय केलं ते लिहिते. जागा निवडली ती चित्र बघून. डोंगर, तलाव, जुनं देऊळ, सगळं होतं. गाडीची वेळ बघितली नाही. रात्री अकराला उतरले. पहिल्या लॉजवाल्याने रजिस्टर पुढे केलं, मग माझ्या मागे बघितलं, आणि बरोबर कोण आहे म्हणून विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर रजिस्टर मिटलं. दुसऱ्याने तर दारातूनच नाही म्हटलं. मी इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्या, रात्रीची भीती मला कधीच नव्हती, पण त्या रस्त्यावर उभी असताना माझे हात थंड पडले. शेवटी रिक्षा करून स्टेशनवर परत आले आणि बायकांच्या वेटिंग रूममध्ये बॅग मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसले. सकाळी तोच तलाव बघितला. सुंदर होता. पण मला तो नीट बघताच आला नाही, सारखं आजची रात्र कुठे काढायची हेच डोक्यात.

तेव्हापासून जागा ठरवताना तिथे बघायला काय आहे हे मी सगळ्यात शेवटी विचारते. आधी विचारते, मी दुपारी तीनच्या आत तिथे पोचेन का? मग विचारते, खोलीतून चालत पाच-दहा मिनिटांवर अशी जागा आहे का, जिथे रात्री नऊ-दहापर्यंत बायका, पोरं, म्हाताऱ्या रस्त्यावर असतात? देवळाचा बाजार असलेली गावं यासाठी फार चांगली. बायका ओटीचं सामान घेत फिरत असतात, तिथे एकटी बाई कुणाच्या डोळ्यात येत नाही. खोलीसाठी मी आधी फोन करते आणि आडवळण न घेता सांगते की मी एकटी आहे, खोली देणार ना? हे देवस्थानच्या भक्तनिवासांनासुद्धा विचारायचं. बऱ्याच ठिकाणी एकट्या माणसाला, मग तो पुरुष असो की बाई, खोली देत नाहीत आणि ते दारात गेल्यावर कळतं. ज्याने फोनवर आढेवेढे घेतले त्याच्याकडे जाऊच नये, मग ते कितीही स्वस्त असो.

हे सगळं तुझ्या बाबतीत जुळतं ते कोल्हापूरला.

घरातल्यांबरोबर गेली असशील, दर्शन घेऊन दोन तासांत परत बसमध्ये. ते कोल्हापूर नव्हे. पणजीहून आणि म्हापशाहून आपल्या गोव्याच्या कदंबच्या नि महाराष्ट्राच्या एस.टी.च्या दिवसाच्या गाड्या आहेत, सकाळची धरलीस की दुपारी पोचतेस. एस.टी. असेल तर बायकांना अर्धं तिकीट, ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं, म्हणजे गोव्यातला तुकडा पूर्ण दराने. आधार कार्ड हाताशी ठेव. खोली अंबाबाईच्या देवळाजवळ, भवानी मंडप नाहीतर महाद्वार रोडच्या आसपास बघ. संध्याकाळी आरतीला जा. देवीला रोज साडी नेसवतात, तू शिवणकाम करणारी, तुला त्या निऱ्या बघून जे कळेल ते मला कळलं नाही. रात्री शेजारती होते तोवर देवळाच्या आवारात माणसं असतात. एखाद्या संध्याकाळी रंकाळ्यावर जा, तिथे सगळं गाव हवा खायला येतं. गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून दूध देतात, लोक रस्त्यावर उभं राहून पेला रिकामा करतात. तिथे टेबलच नाही, एकटीने टेबल अडवण्याचा प्रश्न मिटला.

आणि एक. एकटं जाताना आपल्या हाताला कळणारं काहीतरी तिथे असावं. मी कुठेही गेले तरी तिथलं जुनं इस्पितळ बाहेरून बघून येते, माझा जीव त्यात रमतो. तुझ्यासाठी महाद्वार रोडवर कापडाची दुकानं आहेत. खणाचं कापड हाताळून बघ. ते विणलं जातं बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्डला, बदामीपासून जवळ. पुढच्या वर्षी तिथवर जावंसं वाटेल, तेव्हा हंपीही त्याच वाटेवर घेता येईल. इचलकरंजी कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटर, यंत्रमागांचं गाव, सकाळी जाऊन दुपारी परत.

दिवाळीची सुट्टी म्हणून गर्दी असेल, खोली आतापासून सांगून ठेव. नोव्हेंबरच्या 9 ते 11 तारखांना किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीच्या अंगावर पोचतात. तुझे दिवस त्यात आले तर बघ, पण तेव्हा उभं राहायला जागा मिळत नाही हे धरून चाल.

निघण्याआधी एक दिवस इथेच सराव कर. साखळीहून नार्व्याला जा, सप्तकोटेश्वराला हात जोड, फेरीने दिवाडी बेटावर उतर, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने जुन्या गोव्याला ये. चालत जाणाऱ्याला फेरीला पैसे पडत नाहीत. तिथून पणजी, आणि पणजीत एखाद्या खानावळीत एकटी बसून शीत-कढीचं ताट जेवून घरी ये. पहिला घास कठीण, पुढे काही नाही.

वारकरी, पेडणे

माऊली, सिस्टरांनी पंढरपूर बाजूला ठेवलं, त्याबद्दल दोन शब्द. तुमचे मोकळे दिवस आणि कार्तिकी एकादशी एकत्रच येतात, कारण एकादशीच्या दुसऱ्या दिवसापासूनच तुळशीची लग्नं लागतात. तेव्हा पंढरीत खोली मिळणं मुश्किल, दर्शनाची रांग तासन्‌तास. एकटीने नवख्या माणसाने त्या गर्दीत जाऊ नये हे मला मान्य.

पण पंढरपूर एकटीने करण्यासारखं नाही असं मात्र नाही. दोन्ही मोठ्या वाऱ्या सोडून, माघानंतर एखाद्या साध्या आठवड्यात जा. मी सतरा वर्षं दिंडीबरोबर गेलो. पत्नी गेल्यावर एकदा एकटा गेलो, वाळवंटात बसलो, नदीला पाणी कमी होतं. शेजारी लातूरकडची एक म्हातारी येऊन बसली, तिने मला कुठून आलास विचारलं नाही, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. दिंडीत चारशे माणसांत मी कधी इतका रडलो नव्हतो. तुम्ही साखळीच्या, विठ्ठलापूरचा विठोबा तुमच्या दारात आहे. त्याला सांगून कोल्हापूरला जा, पंढरपूर पुढे होईल.

रूळप्रेमी, मडगाव

सिस्टर, संध्याकाळचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सातनंतर हंपीत नदीच्या दगडांवर बसून राहिलो होतो, ते तुम्हाला बसता येणार नाही हे मला तुमचं वाचेपर्यंत सुचलं नाही. ताई, कोल्हापूरच करा. पुढे कधी उडुपीचा विचार केलात तर मंगळुरूची वंदे भारत जाताना घेऊ नका, ती मडगावहून संध्याकाळी सुटते आणि उडुपी येईपर्यंत रात्र होते. परत येताना घ्या, सकाळी निघून दुपारी मडगावात. वेळापत्रक बदलत असतं, तिकीट काढताना पुन्हा बघा.

सुईदोरा, साखळी

सगळ्यांना देव बरें करूं. काल रविवारी सिस्टरांनी सांगितलं तसं केलं. नार्व्याला सप्तकोटेश्वराला गेले. हे देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 साली पुन्हा उभं केलं, शाळेत शिकले होते, घरापासून इतकं जवळ असून नऊ वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. फेरीत माझ्याशिवाय दोन स्कूटरवाले आणि पाव घेऊन चाललेला एक पोदेर. दिवाडीत रस्ता चुकले, एका बाईने अंगणातून हाक मारून सांगितलं, पाणी दिलं, एकटीच का हे विचारलं नाही. पणजीत दीड वाजता जेवायला बसले. माझ्या समोरच्या खुर्चीवर वेटरने दुसऱ्या एका बाईला आणून बसवलं, तीही एकटीच होती, कोर्टात कामाला. आम्ही बोललो नाही. तिने मिठाची बशी माझ्याकडे सरकवली. मी सोलकढी परत मागून घेतली.

कोल्हापूरला तीन लॉजना फोन केले. पहिल्याने मिस्टर कधी येणार असं विचारलं, मी फोन ठेवला. दुसरा खोलीचे दर सांगत राहिला, पण हो म्हणेना. तिसऱ्या ठिकाणी बाईच फोनवर होती, म्हणाली, या की, वरच्या मजल्यावर रस्त्याकडची खोली देते, खिडकीतून शिखर दिसतं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघते, चौथ्या दिवशी परत.

वारकरी काका, तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं. माघानंतर तो दोन दिवस दुकान सांभाळायला तयार आहे.

या खेपेला डबे नाहीत. पर्समध्ये पैसे, आधार कार्ड, गोळ्या आणि मापाची टेप. खण किती पन्ह्याचा मिळतो आणि बाहीला जोड न देता ब्लाऊज निघतो का, ते दुकानातच उभी राहून मोजणार आहे.