म्यानमार: शेजाऱ्यांच्या दबावाने लष्करशाही नमते म्हणे!

कोकणकडा:
कालच्या धाग्यावर एका विद्वानांचं मत: भारताने आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या, जोडीने दबाव आणला तर म्यानमारचं लष्कर नमेल. वाचून डोकंच उठलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सत्ता बळकावली, एप्रिलमध्ये जकार्तात तेव्हाचा लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंगने आसियानच्या पाच कलमांना मान डोलावली. पहिलंच कलम हिंसाचार थांबवा. घरी गेल्यावर म्हणे, आधी देश स्थिरस्थावर होऊ द्या, मग बघू. शिक्षा काय? तर शिखर परिषदेला बोलावलं नाही. गावांवर विमानातून बॉम्ब टाकणाऱ्याला पंगतीतून उठवलं, झालं!

अनुस्वार:
विद्वान मीच. सोयीचं तेवढंच सांगितलंत. शेजारी कुरकुरले म्हणूनच २००५ मध्ये लष्कराने पुढच्या वर्षीचं आसियानचं अध्यक्षपद सोडलं. २००८ च्या नर्गिस वादळानंतर अडवलेली मदत आत गेली तीही आसियान मध्ये पडल्यामुळे. २०१० मध्ये लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची नजरकैदेतून सुटल्या.

कोकणकडा:
आणि २०२१ ला परत आत!

लातूरची_तूर:
तुमची लोकशाही राहू द्या. त्याच २०२१ मध्ये दिल्लीने म्यानमारशी करार केला, पाच वर्षं दरसाल एक लाख टन तूर, अडीच लाख टन उडीद. आमची तूर सौद्याला आली की नेमकं रंगूनचं जहाज लागतं. आडत्या वडिलांना म्हणाला, 'बाहेरचा माल आलाय काका, थांबा.' थांबतो, व्याज कोण भरणार?

पेठेतला:
२०१५ ला डाळ दोनशेवर गेली तेव्हा कुठे होतात?

लातूरची_तूर:
रानातच होतो. हमीभाव होता बोनस धरून क्विंटलला ४,६२५. मधले पैसे कुणी खाल्ले ते पेठेतच विचारा.

अनुस्वार:
अहो, धागा म्यानमारचा आहे! पण हा करार म्हणजेच आपल्या हातातली दोरी. ओढा की.

कोकणकडा:
ओढणार कोण? म्यानमारमधलं सित्वे बंदर आपण बांधलं, तिथून मिझोरामकडे येणाऱ्या वाटेवरचं पलेत्वा २०२४ मध्ये आराकान आर्मी या बंडखोर गटाने घेतलं. दिल्लीला रस्ता हवाय, क्रांती नकोय.

ऐझॉलकर:
नोकरीनिमित्त इथे आहे. २०२१ मध्ये केंद्राने सांगितलं होतं, कुणाला आत घेऊ नका. मिझोरामने म्यानमारच्या चिन जमातीचे तीस हजारांवर लोक ठेवून घेतले. आमच्या मागच्या खोलीत एक शिक्षिका राहते. लष्कराविरुद्ध संपावर गेली म्हणून नोकरी गेली, आता चर्चच्या तांदळावर पाच माणसं जगवते. तिला तुमची पाच कलमं वाचून दाखवू का?

अनुस्वार:
बरं, मिझोराम जिंकलं, आसियान हरलं. खूश? तरी लष्कराशी बोलायला कुणीतरी लागेलच ना, की तेही चर्चनेच करायचं?

लातूरची_तूर:
बोलायला जाल तेव्हा तुरीचंही तेवढं काढा.