टूरिझमच्या मुलांना स्क्रम पद्धतीने इंग्रजी: चिठ्ठ्या हलतात, तोंड उघडत नाही

कासची_वाट:
मी साताऱ्यात टूरिझम डिप्लोमाला इंग्रजी शिकवते. वर्गात 24 मुलं, बहुतेक जावळी-पाटणकडची, मराठी माध्यमातली. संवाद घडाघडा पाठ, पण पर्यटक समोर आला की दातखीळ बसते. म्हणून यंदा स्क्रम सुरू केलं, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांची गटाने छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत. सहा-सहांचे चार गट, दोन आठवड्यांचा एक टप्पा म्हणजे स्प्रिंट, शेवटी कास पठारावर खऱ्या पर्यटकांना माहिती द्यायची. भिंतीवर 'करायचंय', 'चालू', 'झालं' असे रकाने; प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, काम सरकलं की चिठ्ठी पुढच्या रकान्यात. रोज 15 मिनिटं उभ्याउभ्या इंग्रजीतून बोलायचं: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय.

चिठ्ठ्या भराभर 'झालं'मध्ये गेल्या. पठारावर मात्र प्रत्येक गटातले एकदोघंच बोलले. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, हे सगळं जिने शोधून लिहिलं, त्या मुलीने ऐनवेळी कागद मैत्रिणीच्या हातात दिला. फार लागलं मला ते. काय चुकतंय?

वाईकर_पुण्यात:
मॅडम, 'झालं' म्हणजे नेमकं काय, हे गटाने ठरवलंय का? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहून भागत नाही. तपासून पास झाल्याशिवाय चिठ्ठी हलत नाही. स्क्रम ज्या अजाइल विचारात मोडतं, त्याच्या 2001च्या जाहीरनाम्यातही कागदपत्रांच्या ढिगापेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं मानलंय. तुमच्याकडे ज्याने चिठ्ठी उचलली त्यानेच अनोळखी माणसाला सांगायचं, त्याच्या एका प्रश्नाला उत्तर द्यायचं, मगच 'झालं'. आणि सकाळच्या त्या 15 मिनिटांत तुम्ही जरा लांब थांबा. मुलं एकमेकांशी बोलण्याऐवजी तुम्हाला हजेरी देत असतील.

गडवाट:
मी प्रतापगडावर गाईड आहे. गड 1656 साली बांधून झाला, हे लोक एकदा ऐकून घेतात. विचारतात ते वेगळंच: पायऱ्या किती, आईचे गुडघे दुखतात तर कुठपर्यंत जाता येईल, बाथरूम कुठे. चिठ्ठीवर विषय लिहू नका ताई, पर्यटकाचा प्रश्न लिहा.

कासची_वाट:
दोघांचंही ऐकलं. परवा पुन्हा कासला गेलो. त्याच मुलीकडे सीतेच्या आसवांची चिठ्ठी: 'हे फूल खरंच किडे खातं का?' हैदराबादच्या एका बाईंनी नेमकं तेच विचारलं. पोरगी अडखळली. मग खाली बसली, मातीजवळ दोन बोटं मिटून म्हणाली, 'रूट साइड, स्मॉल बॅग. इन्सेक्ट गो, डोअर क्लोज.' त्या बाईही तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या आणि पुढचा प्रश्न विचारू लागल्या. व्याकरण मी नंतर बघेन. आज वर्गात आल्या आल्या चिठ्ठी तिनेच हलवली.