मदत हवी आहे: तांत्रिक अनुभव नसताना युनिक्स शिकता येईल का?

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. एमएस-सीआयटी, एक्सेलमधील निकालपत्रके आणि युनिकोड टंकन यांपलीकडे संगणकाचे मला काही येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित अद्यतने थांबली, माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही आणि चालते यंत्र भंगारात घालणे मनाला पटेना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन मी त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातील मोफत संचालन प्रणाली (विंडोजसारखीच संगणक चालवणारी मूळ प्रणाली) बसवली.

यंत्र पुन्हा सुरू झाले, तेव्हा काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ एवढाच शब्द होता. ‘रूट’ या नावाने (हे सर्वाधिकार असलेले मुख्य खाते) आत गेलो, पण पुढे काय टंकावे ते कळेना, तेव्हा बटण दाबून यंत्र बंद केले. (त्यामुळे काही बिघडले असेल का, ही धास्ती वेगळीच.) अभियांत्रिकीला असलेला माझा भाचा म्हणतो, “मामा, प्रोग्रॅमिंग आल्याशिवाय युनिक्सच्या नादी लागू नका.” त्याचे म्हणणे खरे मानावे का? आणि या प्रणालीत मराठी टंकता येते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

सर, मी वाणिज्य शाखेचा. लातूरला अडत दुकानात हिशेब लिहिता लिहिता हे शिकलो. आपले काही बिघडलेले नाही. फ्रीबीएसडीच्या मूळ स्थापनेत चित्रमय पडदा (विंडोजसारखा, माउसने चालणारा) नसतोच, तो नंतर वेगळा बसवावा लागतो. अचानक बंद पडलेल्या यंत्राची डिस्क फ्रीबीएसडी पुढच्या वेळी स्वतःच तपासून घेते. तरी यापुढे ‘पॉवरऑफ’ ही आज्ञा देऊन बंद करावे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा बॅटरीही धड असू द्यावी.

भाच्याचे म्हणणे मला पटत नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत युनिक्सचे काम सुरू झाले आणि १९७१ च्या सुमारास तेथील पेटंट विभागाचे टंकलेखक त्यावर अर्ज तयार करू लागले. ते प्रोग्रॅमर नव्हते. मात्र त्यांना यंत्र तयार करून दिलेले होते, हे ‘अनुभव लागत नाही’ असे सहज सांगणारे लोक विसरतात. प्रणाली वापरायला शिकणे आणि ती बसवणे ही दोन निराळी कामे आहेत. आपण दुसऱ्यापासून सुरुवात केली, म्हणून अडलात.

माझ्या मते आधी लिनक्स मिंट ही चित्रमय पडदा असलेली मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावे, त्याने डिस्कला धक्का लागत नाही. लिनक्स हे मूळ युनिक्स नव्हे, परंतु ‘एलएस’ (फायलींची यादी), ‘सीडी’ (फोल्डर बदलणे), ‘ग्रेप’ (मजकुरात शब्द शोधणे) यांसारख्या नेहमीच्या आज्ञा दोन्हीकडे जवळपास सारख्याच चालतात. वर्गाची हजेरी साध्या मजकूर फाइलमध्ये घेऊन ‘सॉर्ट’ने नावे क्रमाने लावून पाहा. आज्ञा व फायलींच्या नावांत इंग्रजीतील लहान आणि मोठी अक्षरे येथे वेगळी मानली जातात. ‘आरएम’ या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. म्हणून रोजचे काम ‘रूट’ने करू नये, साधे खाते उघडावे. ‘मॅन’ या आज्ञेने दिसणारी, प्रत्येक आज्ञेची माहिती देणारी पाने संदर्भासाठी असतात, नवख्याने आधी फ्रीबीएसडीचे हँडबुक (मार्गदर्शक पुस्तिका) वाचावे.

मराठी उत्तम टंकता येते, पण चित्रमय पडद्यावरच. काळ्या पडद्यावर जोडाक्षरे नीट जुळत नाहीत. पुन्हा अडल्यास पडद्यावरचा इंग्रजी संदेश जसाच्या तसा येथे उतरवावा, नुसते ‘चालत नाही’ म्हटल्यावरून काहीच सांगता येत नाही.