डीव्हीडी कपाटात आणि मालिका टीव्हीवर: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सचिव, ए-१०१ : सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत वॉचमन केबिनशेजारी ई-कचरा संकलन आहे. बंद पडलेले मोबाइल, वायरी, रिमोट, सीडी-डीव्हीडी आणि त्यांचे प्लेअर तेथे आणून द्यावेत. बी-७०२ कडून डीव्हीडींच्या एका खोक्याची नोंद आली आहे, परंतु ती काकूंच्या मुलाने पुण्याहून केलेली असल्यामुळे काकूंनी स्वतः होकार कळवावा, अशी विनंती आहे.

बी-७०३ : काकू, शेजारधर्माने एक विचारतो, गैरसमज नसावा. मागच्या आठवड्यात मी डबा परत द्यायला आलो होतो, तेव्हा तुमच्याकडे टीव्हीवर 'मालगुडी डेज' चालू होते आणि टीव्हीच्याच खालच्या कपाटात त्याच मालिकेचा डीव्हीडी संच काचेआड दिसत होता. तुम्ही मध्येच लागणाऱ्या जाहिरातींसकट ती मालिका शेवटपर्यंत पाहिलीत. माझी आईसुद्धा असेच करते; तिच्याकडे रामायणाचा संपूर्ण संच आहे, तरी कोणत्याही वाहिनीवर रामायण लागले की ती हातातले काम टाकून बसते. आपल्या मालकीची वस्तू हाताशी असताना दुसऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे ती पाहण्यात कोणता आनंद असतो, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

बी-७०२ : गैरसमज कसला? उलट विचारलेस हे बरे झाले, कारण मुलगाही मला फोनवर हेच विचारतो आणि त्याला उत्तर देताना माझे वाक्य दरवेळी अर्धेच राहते. आज सवडीने लिहिते.

तो संच आम्ही साधारण पंधरा वर्षांपूर्वी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून घेतला. यजमानांनी त्याच दिवशी खोक्याच्या आतल्या बाजूला, कोणत्या डीव्हीडीवर कोणती गोष्ट आहे, याची यादी पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवली. ते बँकेत होते आणि खतावणीसारखे रकाने आखल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. इतकी तयारी करूनही आम्ही तो संच सलग असा एकदाच पाहिला, आणि त्यानंतर एखाद-दोन पावसाळी दुपारी थोडासा. याचे कारण असे की डीव्हीडी लावायची तर आधी ठरवावे लागते. आज पाहायचे का, कोणती गोष्ट पाहायची, जेवणाआधी की नंतर, आणि ती घरात दोघांनाही चालेल का, हे सगळे ठरवता ठरवता वेळ टळून जाते. शिवाय डीव्हीडी कुठे पळून जात नाही, म्हणून उद्या लावू असे आपण म्हणतो आणि तो उद्या वर्षभर येत नाही.

टीव्हीवर लागते तेव्हा मला काहीच ठरवावे लागत नाही. पंगतीत बसल्यावर वाढपी जे वाढील ते आपण आनंदाने खातो, आणि तोच पदार्थ घरी फ्रिजमध्ये असला तर त्याच्याकडे पाहून दार लावून टाकतो, तसे हे आहे. आज कोणती गोष्ट लागणार हे मला माहीत नसते. परवा 'मालगुडी डेज'मधला छोटा स्वामी लागला, तो क्रिकेट क्लब काढतो ती गोष्ट. मी ती किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही, पण खोक्यातली यादी वाचून ती मी त्या दिवशी निवडली असती का? बहुधा नसती. ती आपणहून आली, म्हणून मला ती नव्याने भेटल्यासारखी वाटली.

दुसरे कारण स्वयंपाकघरात आहे. रात्री नऊ वाजता मी ओटा आवरत असते, तेव्हा डक्टमधून ६०२ कडची 'मालगुडी डेज'ची एल. वैद्यनाथन यांनी रचलेली ती सुरावट वर येते आणि एक-दोन सेकंदांनी तीच आमच्या दिवाणखान्यात सुरू होते. त्यांच्याकडे डिश आहे आणि आमच्याकडे केबल, म्हणून हा मागेपुढे होण्याचा फरक पडतो, असे मला मुलाने समजावून सांगितले. त्या दोन सेकंदांत मी हात पुसून बाहेर येते. पडद्यावर आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे येईपर्यंत मी खुर्चीत बसलेली असते. डीव्हीडी लावली तर ती सुरावट फक्त माझ्या घरात वाजेल. ६०२ चे काका त्या वेळी काय पाहत असतील, हे मला कळणार नाही आणि मी काय पाहते आहे हे त्यांनाही कळणार नाही.

आम्ही नौपाड्यातल्या चाळीत राहत होतो, तेव्हा आमच्या मजल्यावर दोनच टीव्ही होते आणि कौलांवरच्या अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या असत. २५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झाले. तेव्हापासून रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या खोलीत जमिनीवर मुले, पलंगावर म्हाताऱ्या बायका आणि दारात चपलांचा ढीग, असे दृश्य जुलै १९८८ पर्यंत, म्हणजे ७८ भाग संपेपर्यंत, चालले. चित्राला मुंग्या आल्या की कोणीतरी वर जाऊन अँटेना फिरवायचे आणि खालून 'आले, आले, आता हलवू नका' असा ओरडा व्हायचा. एकाच वेळी सगळ्यांनी पाहणे ही माझ्या लेखी त्या मालिकेतलीच एक गोष्ट आहे, आणि ती डीव्हीडीवर उतरलेली नाही.

ए-१००२ : काकू, २०२० च्या टाळेबंदीत आमच्या घरी अगदी असेच झाले. २७ मार्चला घोषणा झाली, २८ मार्चपासून दूरदर्शनवर सकाळी ९ आणि रात्री ९ असे रामायणाचे भाग सुरू झाले, आणि १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने नंतर जाहीर केले. त्या काळात सगळे काही इंटरनेटवर उपलब्ध होते. तरीही आम्ही नऊ वाजण्याची वाट पाहायचो, कारण त्या दिवसांत सकाळ आणि रात्र यांत फरक करणारे तेवढेच काही उरले होते. माझी मुले तेव्हा लहान होती, त्यांना आठवड्याचा वार सांगता येत नसे, पण नऊ वाजले हे कळत असे.

सी-४०४ : काकूंच्या भावनेचा मी आदर करतो, पण दुसरी बाजू मांडल्याशिवाय मला राहवत नाही. माझी उभी हयात टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्त करण्यात गेली आहे. नियमाप्रमाणे वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, आणि वेळेच्या चौकटीत बसवण्यासाठी जुन्या भागांना कात्री लागते, हे मी डीव्हीडी आणि प्रक्षेपण शेजारी शेजारी लावून स्वतः पाहिले आहे. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज'चे ५३ भाग मी दरवर्षी क्रमाने पाहतो. शीर्षकगीतातले नासदीय सूक्त आणि वसंत देव यांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद, वनराज भाटिया यांचे संगीत, हे सगळे पूर्ण ऐकायचे असते. ते वाहिनीने आखडते घेतले तर मला ताट अर्धे उचलल्यासारखे वाटते. नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराजांच्या भूमिकेत आहेत त्या भागांत मी चित्र थांबवतो, मालिका ज्यावर बेतली आहे त्या नेहरूंच्या पुस्तकाचे पान काढून वाचतो आणि मग पुढे जातो. प्रक्षेपण माझ्यासाठी थांबत नाही.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की वाहिनी जे दाखवते ते उद्या दाखवीलच, याची हमी कोणीही देत नाही. मधल्याच भागावर वेळ बदलते, मालिका गायब होते आणि त्या जागी दुसरे काही लागते. डीव्हीडी मात्र तुमच्या परवानगीशिवाय कपाटातून जात नाही. म्हणून काकू, संच कचऱ्यात देऊ नका, एवढेच कळकळीने सांगतो.

बी-६०२ : मी ग्रुपवर सहसा लिहीत नाही. डक्टचा उल्लेख वाचला म्हणून लिहितो आहे. सौ. गेल्यानंतर मी रात्रीचे जेवण कधी सातला, कधी दहाला, कधी उभ्या उभ्याच उरकत होतो. आता पावणेनऊला पान वाढून घेतो. काकूंकडे भांड्यांचा आवाज थांबला की त्या टीव्हीसमोर बसल्या, हे मला कळते. माझ्याकडे एकही डीव्हीडी नाही आणि मला ती घ्यावीशीही वाटलेली नाही.

बी-७०२ : काका, हे तुम्ही लिहिलेत, मला फार बरे वाटले. उद्यापासून नऊनंतर मी मिक्सर अजिबात लावणार नाही.

सी-४०४ च्या दादांचे म्हणणे मी नीट वाचले आणि त्यातले बरेचसे मला मान्य आहे. माहिती घेण्यासाठी पाहायचे, थांबून विचार करायचा, तर डीव्हीडीच हवी, यात शंका नाही. 'भारत एक खोज' ही तर थांबून थांबून पाहण्याचीच मालिका आहे. 'ब्योमकेश बक्षी'सारख्या रहस्यमालिकेचे मात्र मला वेगळे वाटते. बासू चटर्जी यांच्या त्या मालिकेतला खुनी कोण, हे आपल्याला १९९३ पासून माहीत आहे, त्यामुळे रहस्यासाठी तर आपण बसत नाही. रजित कपूर धोतराचा सोगा सावरत, आवाज न चढवता दोन प्रश्न विचारतात, ते पाहण्यासाठी बसतो. ते कोणत्याही भागात, कुठूनही पाहिले तरी चालते. अशा मालिका मला टीव्हीवरच बऱ्या वाटतात.

आणि तुम्ही म्हणता ती हमी नसणे, त्याचा तोटा मला ठाऊक आहे, तसाच त्याचा परिणामही ठाऊक आहे. आज चुकले तर पुन्हा कधी लागेल हे माहीत नसते, म्हणून मी त्या वेळी फोन उचलत नाही, चष्मा आधीच पुसून ठेवते. डीव्हीडी लावली की मीच तीनदा उठते, कारण थांबवायचे बटण हातात असते.

तरीही खोका देण्याला माझा होकार नाही. मुलाने माझ्या सोयीसाठी नोंद केली, त्याला माझे कपाट मोकळे करायचे होते. पण गेल्या गुरुवारी स्वामीची एक गोष्ट अर्ध्यावर असताना आपल्या इमारतीची वीज गेली आणि ती परत आली तेव्हा बातम्या चालू होत्या. त्या रात्री मी खोका उघडून यजमानांच्या यादीत ती गोष्ट शोधली. चौथ्या ओळीत होती. डीव्हीडी काढून प्लेअरला लावायला गेले तर त्याचा खणच उघडेना. सुटलेले पान कपाटातून काढून वाचावे, यासाठी हा संच मला हवा आहे. आपल्या दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर पाहताना आम्ही पोट धरून हसलो आहोत, पण ते माझ्याकडे कोणत्याही स्वरूपात नाही. त्या काळी चित्रफिती महाग असत आणि पुसून पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे पुष्कळ जुने कार्यक्रम कायमचेच गेले. जे जपले गेले आहे, ते माझ्या हाताने कचऱ्यात टाकण्याची माझी तयारी नाही.

दादा, दोन डीव्हीडींवर पांढुरके डाग दिसत आहेत. त्या वाचतील का?

सी-४०४ : बहुतेक वाचतील. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे बुरशी वरच्या पृष्ठभागावर धरते. डीव्हीडीतली माहिती प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांच्या मध्ये, आत असते, त्यामुळे वरचा डाग निघाला की ती सहसा चालते. मऊ, स्वच्छ सुती कापड किंचित ओले करून मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. ताट पुसल्यासारखे गोल गोल पुसू नका. माहिती गोलाकार ओळींत लिहिलेली असते, त्यामुळे आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, पण ओळीच्या दिशेने गेलेला ओरखडा त्याला ओलांडता येत नाही. वाळल्यावरच खोक्यात ठेवा आणि औषधाच्या डब्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. कागदी पाकिटे ओल धरतात, ती काढून टाका. पेन्सिलीची यादी मात्र तशीच राहू द्या.

आणखी एक गोष्ट ६०२ च्या काकांसाठी आणि बाकीच्यांसाठीही. या मालिका ४:३ या चौकोनी आकारात चित्रित झालेल्या आहेत आणि आपले आताचे टीव्ही रुंद आहेत. चेहरे फुगलेले दिसत असतील, तर रिमोटवर चित्राचा आकार ४:३ करून घ्यावा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, पण स्वामी आपल्या मूळच्या अंगकाठीत दिसेल.

ए-१००२ : काकू, आमचा डीव्हीडी प्लेअर मी रविवारच्या यादीत लिहिला आहे, पण तो चालू आहे, नुसता पडून आहे म्हणून देत होतो. तो तुम्ही घ्यावा. त्याला मागे पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन जुन्या वायरी लागतात आणि तुमच्या नव्या टीव्हीला त्या जागा नसतील, ही मात्र अडचण आहे.

सी-४०४ : अडचण नाही. त्या तीन वायरी नव्या टीव्हीच्या एचडीएमआय खाचेला जोडून देणारी छोटी डबी मिळते, माझ्याकडे एक जास्तीची आहे. शनिवारी संध्याकाळी येऊन बसवून देतो.

बी-७०३ : काकू, मी प्लेअर दहाव्या मजल्यावरून खाली आणून देईन. आणि तुमची हरकत नसेल तर शनिवारी नऊला आईला घेऊन येऊ का? तिने 'मालगुडी डेज' शाळेत असताना पाहिली होती, त्यानंतर पाहिलेली नाही.

बी-७०२ : जरूर या. दादा, तुम्ही मात्र आठच्या आत या, म्हणजे वायरींचे काम नऊच्या आधी संपेल. ६०२ चे काका, तुम्हीही वर या. आपल्याकडे दोन सेकंद उशिरा लागते, तेवढे चालवून घ्या.

सचिव, ए-१०१ : बी-७०२ चा खोका आणि ए-१००२ चा प्लेअर या दोन्ही वस्तू रविवारच्या यादीतून वगळल्या आहेत.